सॅमनच्या पोटातला समुद्र

मित्रांनो, आज माझे पाते झिजून करंगळीएवढे उरले आहे. पण ज्या पोलादातून मी झाले, त्याने आधी कितीतरी उन्हाळे डोंगरउतारावरचे गवत कापले होते. तेव्हा ते लांब दांड्याचा विळा होते, आणि तो विळा एका वर्षी दगडावर आपटून मोडला. क्लाक्स्विक गावच्या लोहाराने त्याचा तुकडा भट्टीत घालून ठोकला, मेंढ्याच्या शिंगाची मूठ बसवली, आणि मी, एक सुरी, हानुसच्या हाती आले.

हानुस फारो बेटांवरचा. धाकट्या भावाच्या बोटीवर मासे साफ करण्याचे काम त्याचे. त्रोंडुर, म्हणजे हा धाकटा भाऊ, बोटीचा तांडेल. हिवाळ्यात आम्ही बेटांच्या उत्तरेला दोन दोन आठवडे राहायचो. मैलोन्‌मैल दोर सोडायचा, त्याला हजारो गळ, प्रत्येक गळाला एक छोटा मासा. दिवस उजाडला की दोर ओढायला सुरुवात. चांदीसारखे सॅमन एकामागून एक फळीवर यायचे आणि मी त्यांची पोटे फाडायची. कल्ले, आतडी, कोथळा म्हणजे जठराची पिशवी, सगळे समुद्रात. वर घिरट्या घालणारे पक्षी ते पाण्याला लागूसुद्धा देत नसत. अशी बारा वर्षे गेली. माझी धार चांगली आहे, असे सगळे म्हणायचे. मलाही वाटायचे, मला सॅमनबद्दल सारे ठाऊक आहे.

मग एका शरद ऋतूत थोर्शाव्न या राजधानीतून मालान आली. समुद्रातल्या माशांचा अभ्यास करणारी तरुण बाई. धक्क्यावर उभी राहून तिने हानुसपुढे काचेच्या बरण्यांची पेटी ठेवली.

"हानुसकाका, एक काम कराल? कोथळे फेकू नका. यात भरून आणा."

"घाण आणू? कशाला?"

"सॅमन नदीत असताना काय खातो ते सगळ्यांना माहीत आहे. समुद्रात गेल्यावर काय खातो, ते फार थोड्यांनी बघितलंय. तुम्ही तर रोज बघता."

"मी कुठं बघतो? मी टाकतो."

त्रोंडुर बोटीवरून हसला. "ने रे दादा, ने. आपल्याला मासे, बाईंना आतडी. भांडण नको."

हानुसने बरण्या घेतल्या, पण पहिल्या फेरीचा माल धक्क्यावर आल्यावर मालानने त्याला घरी जाऊ दिले नाही. एका पांढऱ्या ताटात तिने पाणी ओतले, आणि मलाच हातात घेऊन एक कोथळा हलकेच उभा चिरला. आतून लालसर लगदा आला. तिने तो पाण्यात पसरवला आणि लगद्याचे जीव झाले. एकेक जीव नखाएवढा, करंदीसारखा, म्हणजे चिमुकल्या कोळंबीसारखा, वाकलेला, डोके म्हणजे नुसते दोन मोठे डोळे. मालान मोजत गेली. एका पोटात चारशे बारा निघाले.

हानुस ताटावर वाकला होता.

"याचा रंग बघा," मालान म्हणाली. "सॅमनचं मांस लाल का असतं, माहितीये? हा लाल रंग तिथून येतो. तो जे खातो, तेच होतो."

"म्हणजे रविवारी माझ्या पानात..."

"हेच असतं, काका. फक्त माशाच्या अंगातून आलेलं."

त्या दिवसापासून माझे काम बदलले. पोट फाडल्यावर हानुस मला थांबवायचा आणि आधी आत बघायचा. मित्रांनो, काय काय पाहिले म्हणून सांगू! शरदात त्या डोळेवाल्या लाल जिवांनी पोटे गच्च भरलेली असत. थंडी वाढली की त्यांच्या जागी बोटभर काळे मासे यायला लागले, पोटाखाली बारीक दिव्यांच्या रांगा असलेले. हे मासे दिवसा अंधाऱ्या खोल पाण्यात राहतात. सॅमन त्यांना कुठे गाठत असेल? कधी पारदर्शक कोळंबी, कधी कोवळ्या माकुलाची, म्हणजे स्क्विडची, पोपटासारखी चोच. एकदा पक्ष्याचे पीस निघाले, एकदा हिरव्या प्लास्टिकचा तुकडा. फेब्रुवारीत काही पोटे अगदी रिकामी असत, तरीही मासा धडधाकट. मी विळा होते तेव्हा उतारावरचे गवत कुठे दाट, कुठे विरळ, ते मला कळायचे. समुद्रालाही अशी कुरणे असतात, ती सरकतात आणि मासे त्यांच्यामागे चरत जातात, हे मला इतक्या वर्षांनी कळले. तेव्हा माझ्या पात्याला पहिल्यांदा स्वतःच्या धारेची लाज वाटली.

दुसऱ्या हिवाळ्यात मासा मिळेना. चार दिवस दोर रिकामे आले. त्रोंडुर चिडला होता, खलाशी एकमेकांशी बोलत नव्हते.

"दादा, तुझी ती पोटं काय म्हणतात? की नुसतं बघत बसतोस?"

हानुसने बरण्यांवरच्या चिठ्ठ्या चाळल्या. "उत्तरेकडच्या माशांची पोटं भरलेली आहेत. दक्षिणेकडच्यांची रिकामी. गरम पाणी संपून गार पाणी लागतं ना, तिथं चारा असणार. अजून वर चल."

"अजून वर बर्फ आहे."

"बर्फाच्या अलीकडं."

आम्ही वर गेलो. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. दोर ओढताना प्रत्येक दुसऱ्या गळाला मासा. फळीवर जागा उरली नाही. खलाशी ओरडत होते, त्रोंडुरने हानुसच्या पाठीवर अशी थाप मारली की मी त्याच्या हातातून सुटता सुटता राहिले.

"माझा दादा माशांची पोटं वाचतो! पुस्तक नको, काही नको!"

पण त्या मालात पुष्कळ मासे लहान होते, ठेवायला परवानगी नसलेले. त्यांना गळ काढून परत सोडत होते आणि बरेचसे उलटे होऊन तरंगत होते. हानुसचे लक्ष तिकडेच जात होते. संध्याकाळ व्हायच्या आत त्याला एका माशाच्या पाठीवरच्या पराखाली तारेने बांधलेला चपटा बिल्ला दिसला. त्यावर एक आकडा आणि नॉर्वेतला पत्ता होता.

हानुसने बिल्ला पत्रात घालून पाठवला. महिनाभराने उत्तर आले. ऑडलाउग नावाची बाई एका नदीच्या मुखाशी समुद्राकडे निघालेली पिल्ले पकडून, त्यांना बिल्ले बांधून सोडत असे. हानुसने पत्र बोटीच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचले.

"'तुमचा मासा मी स्वतः सोडला. तेव्हा तो बारा सेंटिमीटर होता, वजन कोंबडीच्या अंड्याहून कमी. तुम्ही त्याला चार किलोचा पाहिलात. मधले बावीस महिने तो काय करत होता, हे मला कुणी सांगेल का? त्या वर्षी मी दोन हजार पिल्लं सोडली. नदीत तीन परत आली. कळवल्याबद्दल आभार.'"

"बघ," त्रोंडुर म्हणाला, "आभार मानलेत बाईंनी."

हानुसने पत्राची घडी घातली आणि मला हातात घेऊन पात्याची लांबी बघितली. बारा सेंटिमीटर म्हणजे तेव्हाच्या माझ्या पात्याएवढा. तेवढा जीव एवढ्या समुद्रात एकटा उतरला, दिव्यांचे मासे आणि डोळ्यांच्या करंद्या वेचत शंभरपट मोठा झाला, आणि त्याचा माग काढायला आम्ही त्याच्याच मित्रांच्या पोटांचा उपयोग केला.

पुढच्या फेरीत त्रोंडुरने पुन्हा विचारले, "काय दादा, पोटं काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत."

"बघितलंस तरी का?"

"बघितलं. काही नाही."

मी त्याच्या मुठीत होते. सकाळपासून फाडलेली बारा पोटे चाऱ्याने फुगलेली होती. त्रोंडुरने भावाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले.

"तुला खोटं बोलता येत नाही, दादा. लहानपणीही येत नव्हतं." एवढे म्हणून तो सुकाणूकडे गेला, आणि दोन महिने दोघा भावांत कामापुरतेच बोलणे राहिले.

ऑगस्टमध्ये हानुस ऑडलाउगला भेटायला नॉर्वेला निघाला. धक्क्यावर त्रोंडुर आधीच पिशवी घेऊन उभा होता.

"तू कुठं?"

"जिच्यामुळं माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलतो, ती नदी बघायला."

ऑडलाउग उंच, कमी बोलणारी, पांढऱ्या केसांची बाई निघाली. तिने घरच्या जेवणासाठी एक मादी पकडली होती. हानुसने विचारले, "मी साफ करू?" तिने होकारार्थी मान हलवली. मला दगडावर दोनदा फिरवून त्याने ते पोट हलकेच उघडले.

आत गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी होती. केशरी, गच्च, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. आणि तिच्या कडेला दाबला गेलेला कोथळा, वाळक्या हातमोज्याच्या बोटासारखा. हानुसने तो उभा चिरला. आत काहीच नव्हते. एक डोळा नाही, एक काटा नाही.

"आजारी होती का ही?" त्रोंडुरने विचारले.

"नाही," ऑडलाउग म्हणाली. "नदीत शिरली की खाणं बंद. जूनपासून हिनं काही खाल्लं नाही. धबधबे चढून आली, त्यातून ही अंडी केली. सगळं समुद्रात खाल्लेल्यावर."

त्रोंडुर खाली बसला. गाभोळीवर त्याने बोट ठेवले, अगदी हलके, झोपलेल्या बाळाला लावावे तसे.

"म्हणजे दादा, तिथं चरताना हे मासे नुसतं पोट भरत नव्हते. घरी जायची शिदोरी बांधत होते." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि आपण शिदोरी बांधतानाच उचलत होतो."

हानुसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समोरच्या डोहात एक मोठा मासा पाण्यातून पूर्ण बाहेर आला, क्षणभर हवेत थांबल्यासारखा वाटला, आणि पडला.

त्या हिवाळ्यात बोट सॅमनवर गेली नाही. त्रोंडुरने कॉड माशाचे गळ लावले. हानुस गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. त्याच्या मुलीच्या घरी मी बटाटे सोलते, कधी महिनोन्‌महिने खणात पडून असते, आणि माझी तक्रार नाही.

मित्रांनो, कापणे एवढेच मला येते. काळजी घ्या, असे सुरीने सांगणे तुम्हाला विचित्र वाटेल. तरी सांगते, कारण आत काय असते ते मी पाहिले आहे. ताटात मासा आला तर आनंदाने खा. पण जो अजून चरतो आहे, वाढतो आहे, ज्याची वाट कुठल्यातरी नदीकाठी कुणीतरी एकेक मासा मोजत बघत आहे, त्याला जाऊ द्या. आणि त्याच्या चाऱ्याचे ते नखाएवढे, मोठ्या डोळ्यांचे जीवही जपा. आख्खी नदी त्यांच्यावर चालते.