झोपलेल्या कंदांचा डबा

मार्च उजाडला की जपानमधल्या हिमेजीच्या गल्ल्यांना एकच वास येतो. सोयासॉस, साखर, आलं आणि इकानागो. बोटभर लांबीची ही मासळी बाजारात आली रे आली की घरोघरी पातेली चढतात, मासे शिजून वाकड्या खिळ्यांसारखे दिसायला लागतात, आणि मग सुरू होतं वाटप. शेजारीपाजारी जणू महिनाभर उपाशीच आहेत! खरं तर शेजारणीनेही तेच शिजवलेलं असतं, तीही तेच डब्यात भरून आपल्याकडे पाठवते, आणि झाकण उघडून प्रत्येक बाई म्हणते, "हिचं यंदा आलं जरा जास्तच पडलंय हं."

ओगुरा शिगेझो या भानगडीत कधी पडायचा नाही. आगपेट्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा एकाहत्तर वर्षांचा माणूस मार्चमध्ये फक्त चिखलात सापडायचा. त्याला नाद होता सागिसोचा, म्हणजे बगळाफुलाचा. ऑगस्टमध्ये हे फूल उमललं की थेट पंख पसरून निघालेला पांढरा बगळा. तेव्हा गल्लीतला जो तो थांबून वाहवा करतो. पण ऑक्टोबर सरेपर्यंत पानं पिवळी पडून गळतात, आणि कुंडीत उरते नुसती माती. वाटाण्याएवढे कंद खाली झोपलेले असतात. मग पुढचे चार-पाच महिने त्या मातीची राखण करायची. पाणी फार झालं तर कंद कुजतात, कमी पडलं तर चिमतात, गारठ्यात ठेवलं तर गोठतात. आणि एवढं करून रोज बघायला काय मिळतं? माती!

"काय हो, मातीला बरं आहे ना आज?" त्याची बायको फुमिए रोज सकाळी चहा ओतताना विचारायची.

"झोपलीय," शिगेझो गंभीरपणे सांगायचा. "हळू बोल."

"मी आजारी पडते तेव्हा एवढं हळू बोलत नाही तुम्ही."

यावर शिगेझो चहा उचलून कुंड्यांकडे निघून जायचा, कारण ते खरंच होतं.

पण या मातीची गोष्टच वेगळी होती. शिगेझो दहा वर्षांचा असताना तो आणि त्याचा जिवलग दोस्त मिनोबे योहेई नागाओच्या दलदलीत गुडघाभर उतरले होते आणि जेवणाच्या डब्यात भरून हे कंद घेऊन आले होते. चिखलाने बरबटलेले कपडे बघून दोघांच्याही आयांनी त्यांना सडकून काढलं होतं. पुढे ती दलदल बुजवली. आज तिथे टायरांचं गोदाम आहे. त्या दलदलीचं जे काही जगात उरलं होतं, ते शिगेझोच्या चार कुंड्यांत. बाकी कुठे नाही.

पूर्वी आणखी एक कुंडी होती. योहेईकडे. ती कशी गेली, हे सांगायला हवं, कारण त्यावरूनच या दोघांचं सहा वर्षं तोंड बंद होतं.

योहेई जन्मभर तोफू करून विकणारा. हात सदा पाण्यात, आणि तोफूच्या वडीवर कांद्याची ताजी पात चिरून घातल्याशिवाय ती कोणासमोर ठेवायची नाही हा त्याचा बाणा. सहा वर्षांपूर्वी एका वसंतात शिगेझो त्याच्या पडवीत बसून गार तोफू खात होता. पात इतकी कोवळी, इतकी झणझणीत, की त्याने मनापासून विचारलं, "योहे, कुठली रे ही पात?"

"घरचीच," योहेई खूश होऊन म्हणाला. "तू दिलेली ती कुंडी नव्हती का? हिवाळाभर रिकामीच पडली होती. माती ओतून दिली, नवी भरली, आणि लावली पात."

शिगेझोने जेवणाच्या काड्या ताटात टाकल्या. मग तो जे बोलला, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. "रिकामी? रिकामं तुझं डोकं आहे!" हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. योहेईही काही कमी नव्हता. "मातीची पूजा करणाऱ्याने मला अक्कल शिकवू नये," तो म्हणाला. शिगेझो ताटावरून उठला तो उठला. तीन घरं सोडून राहणारे दोन म्हातारे, कचरा टाकायला बाहेर पडले तरी आधी दार किलकिलं करून दुसरा नाही ना हे बघायचे. बायकांनी मात्र या रुसव्याला भीक घातली नाही. दर मार्चला इकानागोचे डबे या घरातून त्या घरात आणि त्या घरातून या घरात बिनबोभाट जात राहिले.

यंदा फुमिएचा गुडघा धरला होता. तिने सकाळी सात डबे भरले, सगळे निळ्या झाकणांचे, एकाच दुकानातून डझनाने आणलेले.

"वाटून या," ती म्हणाली.

"मी? मला आज कंद लावायचेत."

"कंद काय आज शाळेत निघालेत? आल्यावर लावा."

आदल्या दिवशीच शिगेझोने चारही कुंड्या वर्तमानपत्रावर उपड्या केल्या होत्या. जेवणाच्या काड्यांनी माती चाळून एकेक कंद वेचला होता, धुतला होता, मऊ पडलेले दोन टाकून दिले होते. उरले त्रेचाळीस. ते ओल्या शेवाळात गुंडाळून त्याने एका डब्यात ठेवले होते, आणि घराच्या उबेने जागे होऊ नयेत म्हणून तो डबा दाराशी, चपलांच्या कपाटावर, गारव्यात ठेवला होता. डबा कुठला? अहो, निळ्या झाकणाचाच. घरात दुसरा होता कुठे?

सहा घरं त्याने बरी उरकली. सातवं मिनोबेंचं, म्हणजे योहेईचं. फुमिए आतून ओरडली, "हात्सुए वहिनींचा राहिला! कपाटावर ठेवलाय!" शिगेझोच्या कपाळाला आठी पडली. त्या घराच्या नुसत्या नावानेच त्याचं डोकं तापायचं. तापल्या डोक्याने त्याने कपाटावरचा डबा उचलला, पिशवीत टाकला, मिनोबेंच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवली, घंटा वाजवली नाही, आणि एकाहत्तराव्या वर्षी शक्य तेवढ्या वेगाने पळाला.

मग तो निवांत झाला. कुंड्या घासल्या, उन्हात वाळवल्या. तळाशी जाड खडी घातली, वर भिजवून पिळलेलं शेवाळ पसरलं. दुपार होत आली होती. आता फक्त कंद आडवे ठेवायचे, कोंब फुटायचा डोळा वरच्या बाजूला करून, बोटबोट अंतर सोडून, आणि वरून शेवाळाची पातळ दुलई. त्याने प्रेमाने झाकण उघडलं.

आतून शंभरएक मासे त्याच्याकडे बघत होते.

शिगेझोने काड्यांनी मासे वरखाली करून बघितले. खालीही मासेच.

"फुमिए! अगं फुमिए! माझे कंद!"

फुमिए लंगडत आली, डब्यात डोकावली, आणि तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे तिने एप्रन लावला. "अगोबाई! म्हणजे मिनोबेंकडे..."

"हसू नकोस! नागाओचं सगळं त्यात होतं. सगळं! मागे एकही ठेवला नाही मी."

"मग जा की, घेऊन या."

"त्याच्या दारात? मी?"

"सकाळी गेला होता ना?"

"सकाळी मी पळून आलो होतो!"

"आता तसंच पळत जा," फुमिए म्हणाली, आणि माशांचा डबा त्याच्या हातात कोंबला.

मिनोबेंच्या दारावरची पिशवी नाहीशी झाली होती. शिगेझो तिथे उभा राहिला आणि त्याच्या नाकात वास शिरला. भाताचा. सोयासॉस आणि जरा साके, म्हणजे तांदळाची दारू, घालून शिजवलेल्या भाताचा. कंद शिजले की काय! घंटा वाजवायची की नाही या विचारात असतानाच दार उघडलं. दारात योहेईची बायको हात्सुए.

"अय्या, ओगुरा-सान! काय हे, सहा वर्षांनी! या, या, आत या ना. आज यांनी भात केलाय स्वतः. तासभर झाला, मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलेलं नाही. काय शिरलंय अंगात, देव जाणे."

"वहिनी, तो सकाळचा डबा..."

"डबा यांनीच उघडला. बसा तुम्ही, चहा आणते."

आत बैठ्या मेजाशी योहेई बसला होता. केस पांढरे झाले होते, हात मात्र तसेच, तोफूच्या पाण्याने सुरकुतलेले. त्याने वर बघितलं. सहा वर्षांतला त्याचा पहिला शब्द होता, "बस."

शिगेझो बसला. योहेईने पातेल्याचं झाकण काढलं, वाडगा भरला आणि त्याच्यासमोर सरकवला. वाफाळता भात, आणि भातात जागोजाग वाटाण्याएवढे तपकिरी मणी.

"मुकागोचा भात," योहेई म्हणाला. "खा."

मुकागो म्हणजे रानवेलीला लटकणारे बारके कंद. भातात घालतात, छान लागतात. पण ते येतात पानझडीच्या दिवसांत. मार्चमध्ये मुकागो कुठून आले? शिगेझोला दरदरून घाम फुटला. सहा वर्षांपूर्वी याच घरात याच माणसाने त्याला त्याचीच कुंडी पात करून खायला घातली होती, आणि त्याने वर तोंड भरून तारीफही केली होती. आता कंदच!

"आवडत नाही का?" योहेईने विचारलं. "पूर्वी आवडायचा."

पानात वाढलेलं टाकून उठायचं नाही हे वळण लहानपणापासूनचं. एकदा उठला होता, त्याला सहा वर्षं झाली. शिगेझोने काड्यांनी एक मणी उचलला. त्याला नागाओचा चिखल आठवला. गुडघ्याला लागलेल्या जळवा आठवल्या, आणि हाच योहेई, दहा वर्षांचा, जळू ओढून काढताना भोकाड पसरणारा. मणी परत वाडग्यात पडला. शिगेझोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याला त्याची लाजही वाटेना.

"योहे," तो म्हणाला, "एक तरी कच्चा ठेवलायस का रे?"

योहेईचा चेहरा ढिम्म हलला नाही. त्याने स्वतःच्या वाडग्यातले दोन मणी तोंडात टाकले, नीट चावले, गिळले. "मीठ जरा कमी पडलंय," तो म्हणाला. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी नाकातून आवाज आला, मग तो मेजावर हात आपटत हसत सुटला, ठसका लागेपर्यंत. आणि ठसका ओसरल्यावर तो डोळे पुसत होता ते नुसत्या हसण्यामुळे नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या हात्सुएने एका नजरेत सगळं ओळखलं. "शोभतं का हो हे? गोठवलेला मुकागो मी पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता. ओगुरा-सान, तुमचं ते काय असेल ते मागच्या पडवीत आहे. सकाळपासून त्याच्यातच बसले होते हे!"

शिगेझो पायात चपला न घालताच मागे धावला. पडवीत चार कुंड्या ओळीने मांडलेल्या. तळाशी खडी, वर ओलं शेवाळ. प्रत्येकीत एक पाटी खोचलेली, तोफूच्या खोक्याची फळी कापून केलेली, आणि तिच्यावर योहेईच्या बोजड अक्षरांत लिहिलेलं: "रिकामी नाही."

शिगेझो गुडघ्यावर बसला. एका बोटाने शेवाळाची कड उचलून बघितली. कंद आडवे. डोळे वर. बोटबोट अंतर.

"कोणी शिकवलं तुला?"

"तूच." योहेई त्याच्या मागे उभा होता, नजर कुंपणावर. "दर मार्चला गल्लीत बसून लावतोस. आमच्या वरच्या खिडकीतून सगळं दिसतं. पडद्याआडून बघतो मी. सहा मार्च झाले." मग हात पुसत, "डबा उघडला आणि बघताक्षणी कळलं. त्यांना वाट बघायला लावायची नसते ना? कोंब मोडतो. तू हात्सुएला सांगत होतास पूर्वी. मला कधी सांगितलंच नाहीस नीट."

"तू विचारलंस कधी?"

"नाही," योहेई म्हणाला. "चुकलंच ते माझं. ती पात. त्या दिवशीच म्हणायला हवं होतं."

शिगेझोला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तसं बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणून तो पुन्हा कुंड्यांकडे वळला, चारही तपासल्या, आणि शेवटच्या कुंडीत त्याला एक कंद उलटा सापडला. डोळा खाली. केवढा आनंद झाला त्याला!

"हा बघ! हा बघ, गाढवा! याला काय पाताळात फुलवणार आहेस?"

"त्रेचाळीसात एक!" योहेई उसळला. "मी तोफू विकायचो तेव्हाही तुझ्या नजरेतून एक चूक सुटायची नाही. अजून तसाच आहेस!"

दोघं त्या एका कंदावरून पाऊण तास भांडले. आत हात्सुएने फुमिएला फोन लावला, आणि खिडकी उघडून तिला भांडण ऐकवलं.

निघताना शिगेझोने दोन कुंड्या उचलल्या आणि दोन तिथेच ठेवल्या. "या तुझ्या. हिवाळ्यात सगळं नाहीसं होईल. घाबरू नकोस."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. थोडं पाणी, आणि हळू बोलायचं. आणि योहे, दुसरं काही लावायचं नाही!"

हात्सुएने इकानागोचा डबा घेतला आणि सकाळचा कंदांचा डबा धुऊन, पुसून त्याच्या पिशवीत ठेवला. दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, ही त्या गल्लीची रीत. आत काहीतरी भरलेलं होतं, पण कुंड्या सांभाळण्याच्या नादात शिगेझोने बघितलं नाही.

घरी फुमिएने निळं झाकण उघडलं. आत बारीक चिरलेली, हिरवीगार, ताजी कांद्याची पात, डबाभर.

तिने नवऱ्याकडे बघितलं. शिगेझोने वाकून पातीचा वास घेतला. मग तो हात धुऊन मेजाशी बसला.

"घरात तोफू आहे का गं?" त्याने विचारलं. "त्या दिवशीही फार चांगली होती पात. अर्धवट टाकून उठलो मी."