बुधवारी बंद

"आन् हे सात वर्षं?"

देवीदास सरांनी माझ्या बायोडेटावर लाल पेनानं गोल काढला. 'स्वतंत्र प्रवासलेखन, ब्लॉग' ही माझी ओळ त्या गोलात पुरती बुडाली.

"लिहिलंय ना सर. फिरून लिहीत होते."

"ते समजलं मले. पन कोन्या कंपनीत?"

"कंपनी नाही. माझं स्वतःचंच होतं."

"मंग गॅपच झाला ना तो." सर हसले. "तुमी आपल्याकडचे, मराठी म्हनून सांगून राहिलो मॅडम, टेन्शन नोका घेऊ. ऑडिटवाले फाइल पाहतात. गॅप असला का अ‍ॅफिडेव्हिट लागते. खुशबू, इनको फॉर्मॅट दे दो. शनिवारपर्यंत आनून द्या, मंग तुमचं कन्फर्म."

नेहरू नगरमध्ये, हायवेला लागून असलेल्या कोचिंग क्लासच्या फ्रंट ऑफिसात तो माझा पहिला सोमवार होता. काम सोपं होतं. फोन उचलायचा, पालकांना बॅचच्या वेळा सांगायच्या, फॉर्म भरून घ्यायचे. शेजारच्या टेबलावर बसणारी खुशबू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता आणि तारखा यांच्यासाठी रिकाम्या जागा होत्या. बाकीचं सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं. 'मैं शपथपूर्वक कथन करती हूँ कि उक्त अवधि में मैंने कहीं कोई कार्य नहीं किया एवं घर पर ही रही.'

घर पर ही रही.

मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि दिवसभर फोन उचलले. आवाज गोड ठेवला.

ब्लॉगच्या आधी तीन वर्षं मी एका बँकेच्या काउंटरवर होते. त्या तीन वर्षांतला एक दिवसही मला आता आठवत नाही. ती सरांना पसंत पडली, त्यांच्यापुढे बरोबरची खूण झाली. आणि ज्या सात वर्षांतला रस्ता न् रस्ता मी डोळे मिटून सांगू शकते, ती गॅप. मोना चार महिन्यांची असताना तिला झोळीत बांधून मी बस्तरला गेले होते. रेस्ट हाउसच्या बादलीत तिला अंघोळ घालताना ती पहिल्यांदा खळखळून हसली. रात्री ती दूध पीत असायची आणि मी एका हातानं टाइप करायची. घरी होते म्हणे मी.

ते बंद कसं झालं तेही सांगते. कुणी बंद करा म्हणालं नाही. लोक आधी वाचायचे, मग व्हिडिओ बघायला लागले, मग तेही राहिलं. आता फोनला काही विचारलं की फोनच उत्तर देतो. उत्तर कुठून उचललं हे बघायला कुणी पुढे जात नाही. ब्लॉग म्हणजे माझं घर धरलं, तर त्या घरात माणसं येईनाशी झाली, पण घरातली भांडी गावभर फिरत होती. शेवटी एका घराला दोन पगार लागतात, मोनाला शाळेत घालायचं होतं, म्हणून मी बायोडेटा टाइप केला.

संध्याकाळी कॅम्प-वनमधल्या घरी आले तेव्हा बाबा दारात मोनाची वेणी घालत होते. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात. वेणी वाकडी होती, मोना खूश होती.

"आबानं दोन घातल्या!" ती म्हणाली. एकच होती.

पीयूष, माझा नवरा, ड्यूटीवरून नुकताच आला होता. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. चहा पिता पिता त्यानं वाचला.

"मंग? सही कर ना."

"पीयूष, यात लिहिलंय की मी काही केलं नाही."

"अरे यार, फॉर्मॅट आहे तो. कोन पढ़ता है? सही मार, दे दे, खत्म."

"तुझ्यासमोर मी रात्र-रात्र बसून लिहिलंय."

"मले मालूम आहे ना! मले मालूम आहे तं झालं की." तो खरंच कळवळून म्हणाला. त्याचाच मला जास्त राग आला. त्याला मालूम आहे, म्हणून मी शपथेवर खोटं बोलावं. "समीक्षा, मुश्किलनं लागली नोकरी. एका ओळीवरून भांडू नको."

"तू लिहून दे मग. लिही की सात वर्षं तुझी बायको घरी झोपली होती!"

मोनानं दचकून माझ्याकडे बघितलं. मी तिला उचललं, तिच्या वाकड्या वेणीला नाक लावलं. खोबरेल तेलाचा वास. पीयूष कप घेऊन मोरीकडे गेला.

बाबा दारातूनच सगळं ऐकत होते. बाबांचं नाव चिंधू. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी जन्म घालवला. तापलेली सळी चिमट्यानं ओढायचं काम.

"इतला राग कावून येऊन राहिला तुले?" ते म्हणाले.

"तुम्ही पण म्हणा, सही कर."

"मी काय म्हनू? मी तं सोळा खेप केली."

"काय?"

"सही." बाबा मोनाच्या रिबिनीची गुंडाळी करत होते. "ठेकेदार दर साल दिवाळीच्या आंदी काढे. मंग पंधरा दिवसांनं नवीन भरती. तेच मिल, तेच भट्टी, मी बी तोच. कागदावर लिवलं राहे का आमी याच्या आंदी इथं कधी काम केलं नाही. सोळा साल मी नवीन लागत होतो."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. बाबा ती विनोद म्हणून सांगायचे. 'मी सोळा वेळा जवान झालो,' असं म्हणायचे आणि पाहुणे हसायचे. मीही हसायची.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बाकीचे अंगठा देत. मले सही येत होती." त्यांनी रिबिनीचं टोक आत खोचलं. "तेच्याच गर्वात राहो मी. कागद कोन वाचे? मी तं सहीच पाहो, कशी झाली तं."

त्यांनी रिबीन डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

गुरुवारी दुपारी ऑफिस रिकामं होतं. स्टाफची पिकनिक ठरत होती, सरांनी जागा शोधायचं काम खुशबूकडे दिलेलं. ती फोनवर बोटं फिरवत म्हणाली, "मॅडम, धमतरी साइड का डॅम कैसा रहेगा? खाने का भी लिखा है इसमें. सुनो."

आणि ती वाचू लागली. "बाँध से ज़रा पहले, जहाँ सड़क इमली के पेड़ों में घुस जाती है, ललिता बाई की अंगाकर रोटी खाइए. पत्ते की जली हुई खुशबू समेत. बुधवार को बंद."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"मेरा नाम भी आया," खुशबू हसली. "कितना अच्छा लिखता है ना फोन."

ते वाक्य मी लिहिलं होतं, माझ्या हिंदी ब्लॉगवर. पाच वर्षांपूर्वी, चिंचेखालच्या दगडावर बसून. आणि ते माझं आहे हे मी कोर्टातही सिद्ध करू शकले असते, कारण त्यात माझी चूक होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बुधवार होता आणि ललिताबाईंची चूल थंड होती. शेजारच्या सायकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'आज बंद हे.' मी लिहून टाकलं, बुधवारी बंद. खरं म्हणजे त्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पुढच्या वर्षी गेले, तेव्हा त्यांनी मला निखाऱ्यावरची, पळसाच्या पानात भाजलेली जाड तांदळाची रोटी दिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तैं लिखे हस तब ले बुधवार के कोनो नइ आवय. त महूँ छुट्टी मनाथंव." तू लिहिल्यापासून बुधवारी कुणी येत नाही, मग मीही सुट्टी घेते. मी चूक सुधारते म्हणाले तर त्यांनी मला उलथनं दाखवलं. बावीस वर्षांत मिळालेली पहिली सुट्टी होती ती. खबरदार काढून घेतलीस तर!

मी कुठलं काम केलं नाही. पण एका बाईला बुधवार मिळाला होता.

"खुशबू," मी म्हणाले, "ते फोननं नाही लिहिलं."

"तो?"

मी सांगणार होते. तेवढ्यात एक आई-वडील आणि त्यांचा खाली मान घातलेला मुलगा आत आले, आणि मी बॅचच्या वेळा सांगायला लागले.

शनिवारी सकाळी ऑफिसच्या आधी मी कचेरीबाहेरच्या टिनाच्या शेडकडे निघाले. बाबा म्हणाले, मी येतो. मोनालाही आणावं लागलं. टायपिस्टनं माझ्या हातातला फॉर्मॅट बघितला आणि न विचारता कळफलकावर बोटं ठेवली.

"ये नहीं," मी म्हणाले. "मैं बोलती हूँ, आप लिखिए."

"मॅडम, गॅप वाला सबका यही चलता है."

"मेरा नहीं चलेगा."

"टाइम लगेगा. पीछे लाइन है."

मागे खरंच माणसं होती. कुणीतरी च्यक् केलं. माझे कान गरम झाले. क्षणभर वाटलं, द्यावी सही, संपवावं. मोना माझ्या ओढणीला लोंबकळत होती, ऑफिसला उशीर होत होता, आणि पीयूषचं बरोबरच होतं, कोण वाचतं?

तेव्हा बाबा पुढे झाले. उभ्या आयुष्यात ठेकेदाराशी मान वर करून न बोललेला माणूस. त्यांनी टायपिस्टच्या टेबलावर पंजा ठेवला. चिमट्यानं वाकडी झालेली बोटं.

"वो जो बोल रही है, वोइच लिखना," ते म्हणाले. "एक अक्षर कम नहीं."

मग माझ्याकडे वळून, "सांग, बाई. सावकाश सांग."

मी सांगत गेले. की या सात वर्षांत मी घरी नव्हते. की मी बसनं, ट्रकनं आणि पायी फिरले. कुठल्या घाटात रस्ता खचतो, कुठल्या धर्मशाळेत एकट्या बाईला खोली देतात, हे लिहिलं. चौथा मुद्दा असा की, एका जागेबद्दल मी 'बुधवारी बंद' असं चुकीचं लिहिलं, ते पुढे खरं झालं, आणि ही चूक माझी स्वतःची आहे. सहावा मुद्दा, की या काळात मला मुलगी झाली आणि ती माझ्याबरोबर होती. टायपिस्ट सुरुवातीला फुरफुरत होता. चौथ्या मुद्द्याला त्यानं मान वर करून विचारलं, "फिर? सच में छुट्टी लेती है?" मागचं च्यक्-च्यक्ही थांबलं होतं.

दोन पानं झाली. मी सही केली. बाबा वाकून माझ्या सहीकडे बघत होते. मग त्यांनी पहिलं पान वर घेतलं आणि बोट ठेवून, ओठ हलवत, वरपासून वाचायला लागले.

नोटरीनं मात्र काही वाचलं नाही. काळ्या कोटाची बाही सावरून त्यानं दोन शिक्के मारले. "अगला."

देवीदास सरांनीही शेवटचंच पान बघितलं. "दोन पानं कावून? एकाच पानाचा राहते." शिक्क्यावर नखानं टिचकी मारली. "चला, काम झालं. खुशबू, फाइल में लगा दो."

एवढंच. मी तिथं उभी होते. मला वाटलं होतं, ते भांडतील, हे चालणार नाही म्हणतील, मी उत्तर देईन. सकाळपासून मनात उत्तरं जमवत होते. त्यांनी माझ्याशी भांडायचेही कष्ट घेतले नाहीत. खुशबूनं पानं जुळवून पंचिंग मशीनमध्ये घातली. खट्. सातही मुद्द्यांच्या डाव्या कडेला दोन भोकं पडली, बस्तरमधला 'ब' त्यात गेला. कागदाची गोल टिकली टेबलावर पडली. खुशबूनं ती फुंकर मारून उडवली आणि फाइल कपाटात गेली.

"हां, पिकनिक," सर केबिनकडे जाता जाता म्हणाले. "बुधवारी ठेवू. त्या दिवशी बॅच नाही."

"सर, वो रोटी वाली बुधवार को बंद रहती है," खुशबू म्हणाली. "नेट पे लिखा है."

"नेटवर काईबी लिवलं रायते. कोनं लिवलं, काय पता!"

"मी लिहिलं, सर."

सर वळले. "काय?"

"ते मी लिहिलंय. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये आहे. चौथा मुद्दा." माझा आवाज गोड नव्हता. मी तो गोड केला नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "बरं, मंग गुरुवारी ठेवू," असं म्हणून ते आत गेले. दार आपोआप बंद होणारं होतं, ते हळूहळू बंद झालं.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. तो उचलायची पाळी खुशबूची होती. पण ती उठून कपाटाकडे गेली होती. तिनं माझी फाइल काढली, उभ्या उभ्याच उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

फोन वाजतच होता. मी उचलला.

"हाँ जी, बोलिए," मी म्हणाले, आणि बॅचच्या वेळा सांगता सांगता, खुशबूनं पान उलटलेलं ऐकलं.