शिंजिराचं जळमट

सरोजिनीबाईंच्या घरात कोळी राहायला धजत नसे. राजारामपुरीतलं बैठं घर, पुढं व्हरांडा, व्हरांड्यापुढं पाच पावलांची बाग. बागेत एक जास्वंद, कर्दळीचा ताटवा आणि कोपऱ्यात दोन केळी. शाळेत चौथीचा वर्ग आणि घरात झाडू, दोन्हीकडं बाईंचा हात सारखाच चालायचा. लांब बांबूला बांधलेला तो झाडू दाराआड कायम तयार. कोपऱ्यात एक धागा दिसायचा अवकाश, की बाईंनी पदर खोचलाच.

त्याला कारण होतं आणि ते कारण कोडोलीला राहत होतं. आक्का, म्हणजे बाईंच्या थोरल्या नणंदबाई. सरोजिनीबाई नव्या नवरी होऊन आल्या, त्या पहिल्याच दसऱ्याला आक्का माहेरी आल्या. खिडकीच्या चौकटीवरनं एक बोट फिरवलं, वर छताकडं बघितलं आणि भरल्या पंगतीत म्हणाल्या, “शिकलेली बायको केलीस अप्पा, ब्येस झालं. पर जळमटं काढायला शाळंत शिकवत न्हाईत वाटतं!” पंगत खदखदली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी बांबूला झाडू बांधला.

त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. दर दसऱ्याला आक्का यायच्या, बोट फिरवायच्या, बोटाला काही लागायचं नाही, आणि तोंडातनं ‘निर्मळ हाय’ एवढे दोन शब्द काही निघायचे नाहीत. त्या दोन शब्दांसाठी ह्या बाईनं अठ्ठावीस वर्षं घर घासलं. माणूस कशापायी जीव टाकील, सांगता येतंय का!

चौऱ्याहत्तर साली गणपती गेले तशी बाईंनी घटस्थापनेची साफसफाई काढली. वाकळा धुतल्या, डबे घासले, माळा उतरवला. व्हरांड्यात रेडिओच्या एरियलची जुनी तार लोंबत होती. तिच्या टोकाला वीतभर जळमट. वाळकी पानं, काड्या, सालीचे तुकडे, सगळा गचाळ कारभार. “अगं बाई, हे कधी झालं!” म्हणत बाईंनी एका फटक्यात ते खाली घेतलं.

सुपलीत भरताना हाताला मऊ लागलं. उलटून बघितलं तर बाजूला आठ आण्याच्या नाण्याएवढं गोल दार, दारावर पाऊस आत येऊ नये म्हणून पुढं काढलेली पडवी आणि आत रुईच्या म्हाताऱ्यांची गादी. बाईंनी सुपली हळूच खाली ठेवली. बाहेरनं कचरा दिसावा आणि कुणी वाकडी नजर टाकू नये, म्हणून जीव ओतून बांधलेलं ते घर होतं.

तेवढ्यात घराची मालकीण आली. अंगठ्याएवढी, पाठ मातकट, पोट पिवळं, चोच बाकदार. चोचीत एक पीस. घर होतं त्या जागी ती हवेतच फडफडत थांबली, तारेवर बसली, पुन्हा फडफडली. चोचीतलं पीस काही सोडीना. बाईंना ते पीस बघवेना.

“शिंजीर म्हणत्यात त्याला,” अप्पा आरामखुर्चीतनं म्हणाले. बाईंचे हे यजमान पाटबंधारे खात्यातनं नुकतेच रिटायर झालेले आणि दिवसभर पेपरात बुडालेले. “तुझ्या जास्वंदीवर रोज असतंय की. ते झळकतंय बघ कर्दळीवर, गळा जांभळा, खांदा हिरवा, तो नवरा.”

नवरा शेपटी हलवत गात होता. “बायकोचं घर मोडलंय आणि हा गातोय!” बाई म्हणाल्या.

“मग काय पेपर वाचंल?” अप्पांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मादी परत आली. कामाला लागावं म्हणून आली, पण लागणार कशी? शिंजिराचं घर आधी कोळ्याच्या धाग्यानं बांधायचं असतं, मग त्यात पानं-काड्या गुंतवायच्या. ती व्हरांड्याच्या एकेका कोपऱ्याशी जाऊन पंख मारत थांबायची, वासा न् वासा धुंडाळायची. एक धागा मिळेल तर शपथ! जाईल तिथं बाईंचा झाडू आधीच पोचलेला. असे तीन दिवस गेले. तीन दिवस बाईंचं शाळेत लक्ष नव्हतं. आता हिनं आपल्या दारातनं पाठ फिरवली, तर तो शाप कुठल्या साबणानं धुवायचा, हेच डोक्यात.

चौथ्या दिवशी बाई बांबूचा झाडू घेऊन गल्लीच्या टोकाला पिराजी गवळ्याच्या गोठ्यात गेल्या.

“पिराजी, तुमच्या गोठ्यातली जळमटं काढून नेऊ का?”

पिराजीच्या हातातली चरवी तशीच राहिली. “बाई, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? गोठा झाडून देतायसा आमचा?”

“झाडून नाही देत. न्यायची आहेत मला.”

“न्या की! म्हशी सोडून काय बी न्या.”

भर दुपारी राजारामपुरीतनं सरोजिनीबाई जळमटांनी लडबडलेला झाडू निशाणासारखा धरून चालल्या. ओळखीची बाई दिसली की पदर पुढं ओढायच्या. घरी येऊन त्यांनी ती जळमटं जास्वंदीच्या फांद्यांवर पसरली आणि दाराआड उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत ती आली. चोचीत धागा धरला, उडाली, तारेला गुंडाळला. पुन्हा आली. बाईंनी डोळे पुसले.

मग नऊ दिवस त्यांनी जे बघितलं ते जन्मात विसरणार नव्हत्या. धाग्याला पान, पानाला धागा. आत बसून अंगानं दाबत ती भिंती गोल करायची. ना माप, ना गवंडी, आणि दार बरोबर आठ आण्याचंच! “काय हात आहेत हो हिचे,” बाई म्हणायच्या. “हात कुठायत तिला?” अप्पा म्हणायचे, पण पेपर आता घडी घालूनच असायचा. घटस्थापनेपर्यंत घर झालं आणि त्यात दोन अंडी आली. बाईंनी व्हरांड्यात झाडू फिरवायचं बंद केलं. पाखरू बिचकलं आणि अंडी टाकून गेलं तर? कोळ्यांना काय, मोकळं रान मिळालं. कोपऱ्याकोपऱ्यात जाळी झुलू लागली.

आणि कोडोलीहून निरोप आला. आक्का अष्टमीला येणार.

बाईंच्या पाचावर धारण बसली. “काढायची का जळमटं?” अप्पांनी विचारलं. झाडू दाराआड होता. बाई तो हातात घेऊन व्हरांड्यात गेल्यासुद्धा. गोल दारातनं बाकदार चोच आणि एक काळा डोळा त्यांच्याकडं बघत होता. बाईंनी झाडू परत ठेवला. “बोलू देत आक्कांना. अठ्ठावीस वर्षं ऐकलंय, अजून एक वर्ष ऐकीन.”

आक्का आल्या. नऊवारी, कपाळावर हे मोठं कुंकू, आवाज गल्लीभर. व्हरांड्याच्या खिडकीशी थांबून चौकटीवरनं बोट फिरवलं. चौकट बाईंनी फडक्यानं पुसलेली, बोटाला काही लागलं नाही. मग मान वर केली. डोक्यावर हातभर जाळं झुलत होतं.

आक्का काही बोलल्याच नाहीत. आत जाऊन बसल्या.

आता पंगतीत काढतील, बाईंना वाटलं. पंगत झाली, तरी गप्प. दुपारी बाईंनी चहा पुढं केला, तर आक्कांचा हात कपाच्या चार बोटं बाजूनं गेला आणि रिकामाच मिटला. बाईंच्या ध्यानात आलं. आक्कांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ह्या मानी बाईनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

म्हणजे सुटका! गप्प बसलं की झालं. पण बाईंना गप्प बसवेना. सांगावं असं एवढं मोठं घरात घडत असताना तोंड मिटून कसं राहायचं? त्यांनी आक्कांचा हात धरून व्हरांड्यात नेलं. “आक्का, वर जळमटं आहेत. चांगली हातहातभर. मी ठेवलीत.” आणि मग झाडूच्या फटक्यापासनं पिराजीच्या गोठ्यापर्यंत सगळं सांगितलं.

आक्कांनी मान वर केली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला दिसंना गं. आता काय करतीया ती, सांग.”

दसऱ्याच्या सकाळी अंडी फुटली. चार दिवसांसाठी आलेल्या आक्का राहिल्या. अप्पांनी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं, ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. रोज सकाळी दोघी व्हरांड्यात बसायच्या आणि बाई सांगायच्या, “आता तो आला, चोचीत कोळी आहे. आता ती आली. आक्का, तिनं पिलाची घाण चोचीत धरली, लांब नेऊन टाकली.” “व्हय?” आक्का म्हणायच्या. “रोज टाकती?” “प्रत्येक वेळी.” पिलांचा किलबिलाट मात्र आक्कांना आधी ऐकू यायचा. “आली बघ त्यांची आई,” त्या म्हणायच्या, आणि खरंच ती आलेली असायची.

कोजागिरीनंतर आठ दिवसांनी पिलं उडाली. आधी जास्वंद, मग केळ, मग शेजारच्या गच्चीपलीकडं. दोन दिवस वाट बघून बाईंनी रिकामं घरटं तारेवरनं अलगद सोडवलं आणि आक्कांच्या तळहातावर ठेवलं.

आक्कांनी ते चाचपलं. पडवीवरनं हात फिरवला. मग तेच बोट, अठ्ठावीस वर्षं चौकटीवरनं फिरलेलं, आठ आण्याच्या दारातनं आत घातलं आणि सावकाश गोल फिरवलं. बाहेर काढून अंगठ्यावर चोळून बघितलं.

“दोन पोरं वाढली ह्यात,” त्या म्हणाल्या, “पर निर्मळ हाय गं!”

सरोजिनीबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

“का गं रडतीस?”

“ह्या दोन शब्दांसाठी मी अठ्ठावीस वर्षं घर घासलं, आक्का. आणि तुम्ही ते पाखराला दिलेत.”

आक्कांची मान खाली गेली. “तुझ्या घरात बोटाला कवा काय लागलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “पयल्या साली लागलं, ते बोललो. मग काय लागंना, तर बोलायचं काय तेच कळंना. खोट काढायची सवय मला, नावाजायची न्हवती. चुकलंच की माझं.”

त्यांनी चाचपत बाईंचा हात शोधला, घरटं त्यात ठेवलं आणि वर बाईंची बोटं मिटवली.

“पुढच्या दसऱ्याला डोळं करून येतो,” आक्का नाक ओढत म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा गल्लीभर झाला, “व्हरांड्यातलं एक जरी जळमट काढलेलं दिसलं, तर बघ मग!”