मौलालीचा बाण

जत्रेआधीचे आठ दिवस भोरच्या एस.टी. स्टँडवर दुसरा विषय नव्हता. उत्रोलीच्या माळावर शोभेची दारू करणारा मौलाली माणसाएवढा उंच बाण उडवणार होता. सरकारी रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडतं आणि खाजगी उत्रोलीहून, असं हायस्कुलातले एक मास्तर बोलून गेले, तेव्हापासून बाणाचं रॉकेट झालं. जो तो सांगताना त्याची उंची हातभर वाढवायचा. सारोळ्याला बातमी पोचली तोवर ते विजेच्या खांबाएवढं झालं होतं.

मौलालीला मात्र यात गंमत वाटत नव्हती. जत्रेत शोभेची दारू उडवण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आजोबांपासून होता. यंदा जत्रा कमिटीचे गोरखराव पुण्याहून तयार रंगीत माल आणायचं म्हणत होते. मौलालीनं फारच गळ घातली, तेव्हा ते म्हणाले, "बाण समोरच्या टेकडीवर नेऊन टाक. मग मान तुझाच."

तो महिनाभर राबला. पुठ्ठ्याची नळी सुतळीनं आवळली, कळकाची लांब काठी तासली. मग बाण आडवा करून एका बोटावर तोलला. बापानं शिकवलेली रीत ती. बाण बोटावर स्थिर राहिला की तो आभाळातही सरळ जातो. चिमूटभर वजन इकडचं तिकडं झालं की तो पुन्हा तासायला बसे. काठीवर माशी बसली तरी हाकलायचा, आणि त्याची बायको सुगरा पदर तोंडाला लावून हसायची.

ठरल्या दिवशी दुपार कलताच माळ भरला. टेम्पो आले, बैलगाड्या आल्या, भजीवाल्यानं कढई मांडली. गोरखरावांनी दोर बांधून लोकांना लांब थोपवलं. मौलाली काडी ओढणार, तेवढ्यात दोराखालून वाकून साळूबाई आल्या. गावातल्या सगळ्यांत थोरल्या, त्यांना कोण अडवणार? हातात झेंडूचा मनगटाएवढा जाड हार.

"नवी वस्तू हाय. हाराबिगर कशी उडवायची?" असं म्हणून त्यांनी तो बाणाच्या टोकाला घातला. उत्रोलीत ट्रॅक्टर आला तरी हार, पाण्याची मोटर आली तरी हार. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हार चांगला पावशेर भरला असता. तो काढायला मौलालीचा हात वर गेला आणि अर्ध्यातूनच परतला. मुंबईच्या दंगलीला चारच महिने झाले होते. भोरात काही झालं नव्हतं, पण तो हॉटेलात शिरला की अलीकडं बोलणी थांबायची. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. त्यानं काडी लावली.

बाण दोन माड उंच गेला, टोकाकडून कलला आणि गिरकी घेऊन शेजारच्या नांगरटीत घुसला. ढेकळांत थोडा वेळ फुरफुरला आणि विझला. माळ खो खो हसला.

"पुण्याला फोन करावा लागंल," गोरखराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

लोक पांगू लागले. मौलाली नांगरटीत जाऊन बाणाशेजारी बसला. त्याला रडू येत होतं. मागोमाग साळूबाई आल्या.

"हारानं झालं व्हय रं हे?"

"व्हय आक्का."

"मग काढायचा न्हाई? म्या काय देवाला घातला व्हता?"

मौलालीनं मान खाली घालून खरं तेच सांगितलं. "तुमी घातलेला हार गावाम्होरं म्या काढला असता, तर लोक काय म्हणाले असते? त्याची भीती वाटली."

कुणी काही म्हणालं नसतं, असं सांगायला साळूबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी दोरापाशी रेंगाळलेल्या माणसांकडं पाहिलं, एकेकाचं तोंड पाहिलं, आणि त्या त्याच्याशेजारी ढेकळांत बसल्या.