सत्यशीलाबाईंचं उपोषण

दोघं शिडी धरून होते आणि तिसरा विजेच्या खांबाला फ्लेक्सची वरची दोरी बांधत होता. खालचं टोक मोकळं होतं, त्यामुळं वाऱ्यानं फ्लेक्स सारखा उलटत होता आणि मंडपातल्या गादीवरून सत्यशीलाबाईंना त्याची पांढरी पाठ तेवढी दिसत होती. मग खालची गाठ बसली, फ्लेक्स ताणला गेला आणि रस्त्यापलीकडून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडं बघू लागला. डोक्यावर पदर, हात जोडलेले. शेजारी त्यांच्या तिप्पट आकाराचे पुढारी अमरसिंहभाऊ, तेही हात जोडूनच. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उपोषणाची यशस्वी सांगता. टाकीची बाग वाचवल्याबद्दल भाऊंचे जाहीर आभार.'

सकाळचे दहा वाजायचे होते. ज्यांचं उपोषण असं यशस्वीपणे संपलं होतं, त्या बाईंच्या पोटात पाच-सहा दिवस मिठाच्या पाण्याखेरीज काही गेलेलं नव्हतं, आणि ते संपलंय हे त्यांना खांबावरूनच कळत होतं.

फोटो कुठला, हे आठवायला त्यांना जरा वेळ लागला. तो अर्जुनरावांच्या तेराव्याचा होता. पाहुणे निघाले तेव्हा त्या दारात उभ्या राहून एकेकाला हात जोडत होत्या, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर काढलेला. कडेची माणसं, दार, जेवणाच्या पंगती, सगळं कापून टाकलं होतं. नवऱ्याच्या तेराव्याला जोडलेले हात आता भाऊंचे आभार मानत होते. याचा राग यायला पाहिजे, असं सत्यशीलाबाईंना वाटलं. येतोय का, म्हणून त्यांनी थोडी वाट बघितली. नाही आला. त्यांनी पदर सारखा केला आणि बाटलीतलं घोटभर पाणी प्यायल्या.

अर्जुनराव गेले त्या दिवसापासून त्यांचं हे असं होतं. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. खंबीरबिंबीर काही नव्हतं. रडू येत नव्हतं, झोप येत नव्हती आणि भूक तर घर सोडूनच गेली होती. पुण्याहून सायलीचा रोज फोन यायचा, आई जेवलीस का, आणि त्या 'जेवले' म्हणायच्या. कधी ते खरं असायचं. ताटात वाढलेलं त्या खायच्या, पण केर काढावा, दार लावावं, तशातलंच ते एक काम झालं होतं.

टाकीच्या बागेशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता. संबंध अर्जुनरावांचा. ते रोज सकाळी तिथल्या हास्यक्लबात जायचे. दोन्ही हात वर करून खोटं खोटं हसणारी ती दहा-बारा माणसं, नगरपरिषदेनं बागेच्या पुनर्विकासाची पाटी लावल्याबरोबर 'उद्यान बचाव समिती' झाली. बंकटराव अध्यक्ष, सत्यशीलाबाईंचा पुतण्या रविराज सचिव. आधी साखळी उपोषण झालं. एकेकानं दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन दणकून जेवायचं. त्याची दखल कुत्र्यानंही घेतली नाही. मग आमरण करायचं ठरलं आणि तिथं घोडं अडलं. एकाला शुगर, एकाला बीपी, एकाच्या घरात लग्न. सगळे आपापल्या चपलांकडं बघू लागले. फोटोत बाईमाणूस पाहिजे म्हणून रविराजनं काकूंना त्या दिवशी बैठकीला आणलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी बसते."

गाव थक्क झालं. पेपरात 'रणरागिणी' म्हणून छापून आलं. मंडपात बायका येऊन पाया पडू लागल्या. सत्यशीलाबाईंना अवघडून जायचं. मला भूकच लागत नाही, यात माझं कौतुक कसलं, असं त्या एकदा रविराजला म्हणाल्याही. तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "काकू, हे दुसरीकडं कुठं बोलू नका बरं."

तोच आता फ्लेक्सकडं न बघता मंडपात शिरला आणि गादीच्या कडेला टेकला.

"पोरांनी घाई केली, काकू. तुमच्याशी बोलल्यावर लावायचा होता."

"कधी ठरलं?"

"रात्री. भाऊंकडं गेलतो आमी सगळे." त्यानं मांडीवर बोटानं नकाशा काढून दाखवला. "रस्त्याकडची अर्धी जागा कॉम्प्लेक्सला. टाकीमागची अर्धी बागेला. चांगली बाग होणार हाय. लॉन, लाइटिंग, कारंजं, सगळीकडून कंपाउंड. तिकीट राहील, पण नावापुरतं."

"झाडं तर सगळी रस्त्याकडंच आहेत."

"मागं नवीन लावायलेत की."

"समितीला मान्य आहे?"

रविराजनं नकाशा पुसल्यासारखी मांडी झटकली. "गाळे वाटताना इथल्या लोकांचा आधी विचार करणार हायेत." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आन काकू, बागेला काकांचं नाव देणार हायेत. कैलासवासी अर्जुनराव स्मृती उद्यान. भाऊंनीच काढलं. आमी कुणी म्हणलो बी न्हाई."

तो त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. काकांनी त्याला लहानपणी सायकल शिकवली होती ती याच बागेत.

"बरं," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

गेले आठ महिने त्या सगळ्यालाच 'बरं' म्हणत होत्या. वीजबिल भरायचंय, बरं. काकांचे कपडे देऊन टाकू, बरं. रविराजला हायसं वाटलं. भाऊ दुपारी येतील, मोसंबीचा रस भाऊंच्या हातूनच घ्यायचा, पत्रकार सांगून ठेवलेत, असं सांगून तो उठला. समितीची माणसं गाड्यांवर बसून विश्रामगृहाकडं भाऊंना आणायला गेली. मंडपात सत्यशीलाबाई, रिकाम्या खुर्च्या आणि 'एकच ध्यास' एवढंच वाचता येईल असा वाऱ्यानं दुमडलेला कापडी फलक राहिला.

ऊन चढलं. फाल्गुनातलं ऊन असलं तरी बीडकडचं ते, मंडपाच्या कापडातून खाली उतरत होतं. मागं बागेच्या फाटकाला नगरपरिषदेचं कुलूप होतं आणि कडेनं पत्रे ठोकले होते.

एक बाई मंडपाच्या सावलीला आली. काळी, काटक, साठीच्या आसपासची. तिनं फाटकाचं कुलूप हलवून बघितलं, मग मंडपाच्या बांबूला पाठ लावून खाली बसली. कमरेचं गाठोडं सोडलं. त्यात फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी होती, वर ठेच्याचा गोळा, एक कांदा. कांदा तिनं मुठीनं फोडला आणि पहिला घास मोडला.

सत्यशीलाबाई बघत राहिल्या. उपोषण सुरू झाल्यापासून त्यांच्यासमोर कुणी काही खाल्लं नव्हतं. समितीची माणसं चहासुद्धा टपरीमागं जाऊन प्यायची. समोरच्या हॉटेलवाल्याला भजी तळू नको म्हणून सांगितलं होतं. गाव त्यांच्यापासून अन्न लपवत होतं आणि ही बाई चार हातांवर बसून मचमच खात होती.

तिसऱ्या घासाला बाईनं वर बघितलं आणि तिचा हात थांबला.

"आगं माय! तुमचा उपास न्हवं का! मपल्या ध्यानातच न्हाई आलं." ती फडकं गुंडाळू लागली.

"खा, खा. मला काही होत नाही."

"खरंच?"

"खरंच. नाव काय तुझं?"

"भामाबाई." तिनं फडकं पुन्हा उघडलं. "पाठ दुखायली म्हणून ऊसतोडीला जायाचं सोडलं, आता भांडी घासती चार घरची. सकाळची घरं उरकली की पार तीनलाच म्होरचं घर. मधी टाकीखाली बसायची म्या, लिंबाखाली. भाकर खायाची, जरा पाठ टेकायची."

"घरी जात नाहीस?"

"घर नाक्याच्या पल्याड. जाऊन यायलाच तीन वाजत्यात." ती कांदा चावत बोलत होती. "लोकाच्या पायरीवर भाकर सोडली तर बघत्यात कसं कसं. देवळात पुजारी उठिवतो. हितं कुनी कावून बसलीस म्हणून इचारलं न्हाई कदी. तुमचे साहेब सकाळी हसाया यायचे न्हवं? मधी काई दिस म्या हितं झाडाया होती, तवा बघितलंय. लई मोठ्यानं हसायचे. बाकीचे आपले उगी हात वर करायचे."

अर्जुनराव घरात कधी मोठ्यानं हसलेले सत्यशीलाबाईंना आठवेनात.

"आता अर्धीच बाग राहणार आहे," त्या म्हणाल्या. "मागची. तिला तिकीट लावणारेत."

"मंग भाकर खाया तिकीट काढायचं?" भामाबाईनं सरळच विचारलं. तक्रार नव्हती, माहिती विचारावी तसं. मग तीच म्हणाली, "बसन कुठं तरी," आणि भाकरीचा पापुद्रा सोलून त्यात ठेचा भरला.

पापुद्रा एका जागी करपला होता. त्या करपलेल्या ज्वारीचा आणि लसणाचा वास वाऱ्याबरोबर गादीपर्यंत आला आणि सत्यशीलाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. हे काय होतंय ते त्यांना आधी समजेना. जिभेखाली कळ आल्यासारखं झालं, पोटात पीळ पडला, आणि मग भूक अशी लागली की डोळ्यांपुढं अंधारी आली. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, चोची मारत होते. हात आपोआप पुढं जाईल म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

"तुकडा देऊ का?" भामाबाई हळूच म्हणाली. "कुनी न्हाई बघत."

"नको," त्या म्हणाल्या. हा शब्द बाहेर काढायला त्यांना फार जोर लावावा लागला.

मग दुपार होईपर्यंत त्यांच्या मनात भाऊंखेरीज दुसरं काही आलं नाही. भाऊ येतील, रस देतील, रस पिऊन घरी जायचं, तवा ठेवायचा. डब्यात पीठ असेल का? नसलं तर शेजारून आणायचं. लसूण आहे. हिरवी मिरची नसली तर लाल चालेल. गाडीचा आवाज आला की त्या मान उंचावून बघत. तडजोड करून टाकली ते बरंच झालं, देवासारखी माणसं आहेत, असंही त्यांना वाटून गेलं.

गाड्या आल्या तशी मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. अमरसिंहभाऊ चपला काढून गादीवर बसले, वाकून सत्यशीलाबाईंच्या पाया पडले. बोलायला माणूस गोड होता.

"आजपासून ही बाग अर्जुनरावांच्या नावानं ओळखली जाईल," ते कॅमेऱ्यांकडं बघत म्हणाले. "काकूंनी पोटाला चिमटा घेऊन ती वाचवली."

अर्जुनरावांचं नाव ऐकलं आणि सत्यशीलाबाईंना रडू आलं. आठ महिने न आलेलं, ते चारचौघांत, कॅमेऱ्यांसमोर आलं. माणूस लिंबाखाली मोठ्यानं हसायचा आणि ते त्यांना भांडी घासणाऱ्या बाईकडून कळत होतं. फोटोवाले पुढं सरसावले. भाऊंनी ग्लास त्यांच्या हातात दिला, वर आपला हात ठेवला. रस थंड होता. मोसंबीचा वास थेट नाकात शिरला. ओठ ग्लासाला लागले.

त्यांनी ग्लास खाली घेतला.

"भाऊ, या नव्या बागेत दुपारच्याला बाया बसून भाकरी खातील का?"

भाऊ हसले. "स्वच्छतेसाठी आत खाद्यपदार्थ चालत नसतेत, काकू. पण आपुन काढू काहीतरी मार्ग."

"आणि पुढचा लिंब?"

"वहिनी," बंकटराव घाईनं पुढं झाले, "ते समदं ठरलंय की आता."

"माझ्याशी नाही ठरलं."

रविराजनं मोबाइल खाली केला. "काकू, सकाळी तुमी बरं म्हणलात."

"सकाळी मला भूक नव्हती रे."

भाऊंनी त्यांच्या हातातला ग्लास पुन्हा वर ढकलला, या वेळी जरा जोर देऊन. "भूक लागली म्हणता, मग घ्या की."

"लई लागली," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि ग्लास गादीच्या खाली, जमिनीवर ठेवला. "म्हणून आजपासून बसते. हे आधीचे दिवस धरू नका."

बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं कुणीतरी मागं पुटपुटलं. भाऊंनी हसू न मोडता चपला घातल्या. त्यांच्यामागं बंकटराव गेले, समिती गेली, पत्रकार मात्र आणखी थोडे फोटो काढून गेले. रविराज तेवढा मागं राहिला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काकू, मरताल तुमी."

"हो रे," त्या म्हणाल्या. "मलाबी भ्या वाटायलंय."

तो डॉक्टरला फोन लावत रस्त्यावर गेला. गर्दी पांगली तेव्हा बांबूच्या कडेला भामाबाई दिसली. गाठोडं कमरेला खोचून ती निघाली होती, तीनच्या घराकडं.

"भामाबाई," सत्यशीलाबाईंनी हाक मारली. "उद्या येशील ना? इथंच बसून जेव."

"तुमच्या म्होरं?"

"माझ्या म्होरंच."

भामाबाईनं त्यांच्याकडं, मग जमिनीवरच्या भरलेल्या ग्लासाकडं बघितलं.

"मंग ठेचा न्हाई आणत," ती म्हणाली.

"आण," सत्यशीलाबाई म्हणाल्या.