टाच उचललेली सगळ्यांनी पाहिली

मी एक लाकडी ठोकळा. अमेरिकेतल्या थंडगार डुलुथ गावात, वस्तीच्या सभागृहात, सामानाच्या कपाटात, घामट मोज्यांच्या पिशवीखाली माझा मुक्काम. बोलायची मला सवय नाही, पण आता किळस गळ्याशी आलीय.

मला घडवलं आर्लिसने. ती फिजिओथेरपिस्ट. तोल मोजायचं तिचं साधन असं: मध्ये उभं राहायला पाट, त्यातून तीन दिशांना नळ्या, प्रत्येक नळीवर सरकणारा एक ठोकळा. पुढच्या नळीवरचा मी. एका पायावर उभं राहून, हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या पायाच्या बोटांनी मला हळूहळू लांब ढकलायचं आणि न पडता पाय मागे आणायचा. उभ्या पायात जेवढा तोल, तेवढा मी लांब जाणार.

माझ्याकडे येतात ब्रूमबॉल खेळणाऱ्या बायका. बर्फावर साध्या बुटांनी धावतात, काठीने चेंडू मारतात आणि घोटे मुरगळून घेतात. हौसेला मोल नाही! म्हणून दर हिवाळ्याआधी आर्लिस त्यांना अनवाणी पाटावर चढवायची. आधी सराव करायला लावायची, कारण नव्या कसरतीत पहिल्या झटक्याला अंग बावचळतं. मग स्वतः मोजायची. दरवर्षी तीच, तशीच.

"उभ्या पायाची टाच उचललीस. हे माप धरत नाही. पुन्हा!"

"आर्लिस, आम्ही काय ऑलिंपिकला चाललोय?"

"नाही ना? मग पाय मोडून घ्यायची एवढी घाई का गं?"

यंदा आर्लिस लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि माप घ्यायला बसली डार्ला, संघाची कर्णधार. बाई सोन्यासारखी, पण इथल्या सगळ्यांसारखीच गोड. इथली माणसं कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणायची नाहीत. ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. अर्धी कापतात, मग त्या अर्धीचीही अर्धी!

बुटांसकट सगळ्या पाटावर चढल्या. सराव नाही, काही नाही. शेवटी आली व्हर्ना. ती टपाल वाटते, चढउतारांच्या रस्त्यांवर दिवसभर पायी. गेल्या हिवाळ्यात तिचा डावा घोटा गेला होता. तो उजव्याच्या बरोबरीला आल्याशिवाय खेळायचं नाही, असं आर्लिसने बजावलं होतं.

डाव्या पायावर व्हर्ना लटलट कापत होती. टाच वर आली, हात भिंतीला टेकला आणि उजव्या पायाने तिने मला चक्क लाथ हाणली. मी सणसणत नळीच्या टोकाला गेलो. माझ्या अंगावरचा तो तोल नव्हता हो, ती ठोकर होती!

"अगं बाई, काय लांब!" डार्लाने टाळ्या वाजवल्या.

"हा घोटा की पोलादाचा खांब!" दुसरी म्हणाली.

हसल्या सगळ्या. टाच सगळ्यांनी पाहिली होती. एकीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मला घामाच्या बोटांची कधी शिसारी आली नाही. त्या टाळ्यांची आली.

पहिल्याच सामन्यात व्हर्नाचा तोच डावा घोटा मोडला. मग काय, घरोघरून भाजलेल्या बटाट्याची भांडी तिच्या दारात. "बर्फच मेला वाईट होता," असं ज्याच्या त्याच्या तोंडी. बर्फाच्या माथी मारलं की झालं!

आर्लिस परतली आणि माझ्यावरची बुटाची खाच बघून काय ते समजली. कुबड्या टेकत व्हर्ना सभागृहात आली, तेव्हा बाकीच्याही होत्या.

"त्या दिवशी टाच कुणी पाहिली?" आर्लिसने विचारलं.

सगळ्या आपापल्या कॉफीत बघू लागल्या.

"मी सांगते," व्हर्ना म्हणाली. "मला ठाऊक होतं गं. पाय लटपटत होता. पण वाटलं, कुणीतरी म्हणेल, व्हर्ना, उतर खाली. एकीने तरी म्हणायचं होतं. आता टपाल दुसरंच कुणी वाटतंय आणि ती नोकरी मला परत मिळेल का, कुणास ठाऊक."

डार्ला रडू लागली. व्हर्नाने तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे तिथेही समजूत घालायची ती जखमी बाईनेच!

मी अजून इथेच आहे. एका कडेला बुटाची ती खाच तशीच आहे. बाबांनो, मला कमी ढकललंत तर मला कमीपणा वाटत नाही. पण खोटं लांब नेऊ नका. आणि समोरच्याची टाच उचलली, तर त्याच्या तोंडावर सांगा.