ना कालचे, ना आजचे

आरोग्य कचेरीत आकड्यांचे टेबल खिडकीपाशी होते आणि त्या टेबलावर गेली एकवीस वर्षे एकच गृहस्थ बसत होते. सगळे त्यांना बेरीजराव म्हणत. पाठीमागे म्हणत तसे तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडत असे. तक्त्याची उभी बेरीज आडव्या बेरजेशी जुळली नाही, तर त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागत नसे. अशी माणसे असतात म्हणून तर तुमचे-आमचे कागद जागच्या जागी राहतात. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे त्यांच्याविषयी चार कडू शब्द बोलायचे आहेत.

साथ ओसरून वर्ष होत आले होते. वाद मात्र ओसरत नव्हता. साथीत नेमकी किती माणसे बाधित झाली? कचेरी एक आकडा सांगे, दवाखान्यातले डॉक्टर दुसरा सांगत, आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तर दर कपामागे नवा आकडा निघे. त्या सकाळच्या वर्तमानपत्राने पहिल्याच पानावर विचारले होते, ‘या आकड्यांवर विश्वास ठेवायचा कसा?’

साहेबांनी ते पान बेरीजरावांच्या टेबलावर आपटले.

“वाचलंत?”

“वाचलं, साहेब.”

“शनिवारी सभागृहात जाहीर सभा ठेवलीये. लोकांच्या शंकांना उत्तर द्यायचं. खुलासा तुम्ही लिहा आणि तुम्हीच वाचा. एकच पान. आकडे अचूक आहेत, विषय संपला!”

बेरीजरावांना हे वेगळे सांगायची गरजच नव्हती. ती बातमी वाचून त्यांच्या नाकाला आधीच मिरच्या झोंबल्या होत्या. साथीच्या दोनशे दहा दिवसांत, ताई गेली ते दिवस सोडले तर, त्यांनी रोज चारच्या ठोक्याला तक्ता बाहेर पाठवला होता. एकाही तक्त्यात बेरीज चुकली नव्हती. मग लोकांनी खोटे कशाला म्हणावे?

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती आणि हे सहा वर्षांचे. यांचे शाळेचे शर्ट तीच शिवायची, आणि वाढते अंग म्हणून बाह्या इतक्या लांब ठेवायची, की वर्गात यांची बोटे फारशी कुणाला दिसलीच नाहीत. पुढे तिचे लग्न झाले, शिवणकाम मात्र सुटले नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीखालच्या वस्तीत ती राहायची आणि घरोघरी जाऊन मापे घ्यायची.

साथीच्या दिवसांत ताई रोज साडेचारला कचेरीत फोन करायची. “आज किती रे?” हा पहिला प्रश्न. “आणि आमच्या भागात?” हा दुसरा. साऱ्या जगात बेरीजरावांच्या आकड्याची इतक्या ओढीने वाट पाहणारे दुसरे कुणी नव्हते. ते तक्ता समोर धरून तिला रकान्यामागून रकाना वाचून दाखवत. आता ताईला जाऊन इतके महिने झाले, तरी साडेचार वाजले की त्यांचा हात आपसूक फोनकडे जाई. एकदा तो खरेच वाजला, तेव्हा त्यांनी “हं, ताई” म्हणूनच उचलला. पलीकडे भांडार विभागातला कारकून होता. त्या बिचाऱ्याने काम न सांगताच फोन ठेवला.

त्या संध्याकाळी खुलाशाचा मसुदा खिशात घालून बेरीजराव भाऊजींकडे, म्हणजे ताईच्या यजमानांकडे गेले. भाऊजी छापखान्यातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे. शिलाई मशीन खिडकीपाशी तसेच होते. सुईखाली निळ्या कापडाची अर्धवट शिवलेली कॉलर अडकली होती. भाऊजींनी ती काढली नव्हती, आणि काढा असे म्हणायची बेरीजरावांची छाती नव्हती. ताई असती तर एव्हाना “उभा का? बस की” असे आतूनच ओरडली असती. ते बसले आणि त्यांनी मसुदा वाचून दाखवला.

“चांगलं लिहिलंयस,” भाऊजी म्हणाले. मग चष्मा पुसत राहिले. “एक विचारू? तुला आकड्यातलं कळतं म्हणून विचारतो.”

“विचारा ना.”

“त्या मंगळवारी मी तिला अडवलं होतं. म्हटलं, नको जाऊ माप घ्यायला. तर म्हणाली, भावाला विचारलंय मी, काल आपल्या भागात फक्त तीन निघाले. एवढ्या मोठ्या वस्तीत तीन! आणि आठवड्याभरात अंथरुणाला खिळली. मी रोज हाच विचार करतो बघ. हजारो माणसांत तीन जण, आणि त्यातला एक नेमका तिच्याच वाटेत कसा यावा? इतकं कसं नशीब फुटकं?”

त्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. बेरीजराव “योगायोग, भाऊजी” असे काहीसे पुटपुटले आणि चहा तसाच टाकून उठले. घरी जाताना त्यांना आठवत राहिले, की त्या सोमवारी फोनवर “तीन” सांगून आपण वर म्हणालो होतो, “जा बिनधास्त!”

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एक जाडजूड नोंदवही घेऊन आल्या. बाई वयाने मोठ्या, निवृत्तीला आलेल्या, बोलायला स्पष्ट. साथीत सगळे नमुने त्यांच्याच हाताखाली तपासले गेले होते.

“खुलासा तुम्ही वाचणार, असं कळलं. वाचण्याआधी हे बघा. माझ्या वहीत बाधित निघालेले सहा हजार चारशे बारा. तुमच्या तक्त्यांची बेरीज चार हजार आठशे सत्तर. मधले पंधराशे बेचाळीस कुठे गेले?”

“जातील कुठे? आहेत की!” बेरीजराव म्हणाले आणि त्यांनी कपाटावरच्या चार फायलींकडे बोट दाखवले. प्रत्येकीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘उशिरा आलेले’.

आता हा प्रकार नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. तक्त्याचा मथळा होता, ‘आज घेतलेल्या नमुन्यांपैकी बाधित’. सकाळी नमुने घेत, प्रयोगशाळेतून अहवाल येत, आणि चार वाजता तक्ता बंद होई. पण साथ वाढली तशी प्रयोगशाळेला दम लागू लागला आणि निम्मे अहवाल दुसऱ्या दिवशी येऊ लागले. ते कालच्या नमुन्यांचे, म्हणून आजच्या तक्त्यात बसत नव्हते. आणि कालचा तक्ता तर बंद झालेला! एकदा बंद झालेला दिवस उघडायचा नाही, हा बेरीजरावांचा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. मग त्यांतल्या बाधितांचे अहवाल ते फायलीत नीट तारीखवार लावत. एकही हरवला नव्हता, एकही फाडला नव्हता. फक्त मोजला नव्हता.

बाईंनी फायलींवरची ती अक्षरे वाचली. “म्हणजे ही माणसं ना कालची, ना आजची?”

“नियमाप्रमाणे तसंच म्हणावं लागेल.”

“पण आजारी होती ना?”

बेरीजरावांनी फायलींच्या कडा सारख्या केल्या.

“हे बघा,” बाई खुर्ची ओढून बसल्या. “आकडे खोटे आहेत म्हणणाऱ्यांशी मी स्वतः भांडलेय. तुम्ही एक आकडाही मनचा घातला नाहीत, हे मला माहीत आहे. पण अर्धा आकडा पुरा म्हणून दिलात. तक्त्याखाली एक ओळ पुरली असती, ‘अजून इतके अहवाल यायचे आहेत.’ लोकांना तेवढं समजलं असतं हो! आणि चूक माझीही आहे. मी अहवाल पाठवत राहिले, त्यांचं पुढं काय होतं ते वर्षभर विचारलं नाही.”

“पण बाई, कालचं आज बदललं तर लोकांचा विश्वास उडेल, असं साहेब म्हणायचे. मलाही ते पटायचं.”

“आपल्या घरातलं माणूस ‘काल मी चुकलो’ म्हणालं, तर आपण त्याच्याशी बोलणं टाकतो का? चूक त्यानं दडवली आणि आपल्याला बाहेरून कळली, की मन उठतं. लोकांचं तसंच आहे.”

बाई गेल्या. बेरीजरावांनी कपाटावरून दुसरी फाईल काढली. कोणता दिवस पाहायचा हे ठरवावे लागले नाही. तो सोमवार त्यांनी शोधला आणि टेकडीखालच्या वस्तीच्या चिठ्ठ्या बाजूला काढायला सुरुवात केली. पाच. नऊ. चौदा. सव्वीस!

छापलेले तीन आणि हे सव्वीस. एकोणतीस माणसे त्या दिवशी त्या वस्तीत बाधित होती, आणि आपण ताईला तीन सांगितली! ती टीव्हीवर विश्वास ठेवत नव्हती, शेजारणीवर ठेवत नव्हती, ती आपल्यावर ठेवत होती! अरे देवा! “अहवाल यायचेत, ताई, थांब” एवढे चार शब्द बोलायला किती वेळ लागला असता? एकदा, फक्त एकदा तो सोमवार परत यावा, ती पलीकडे फोन धरून उभी असावी आणि आपल्याला ते चार शब्द बोलता यावेत, असे त्यांना इतके आतून वाटले, की त्यांनी फोन उचलून कानाला लावला. नुसता घुंई आवाज येत होता. त्यांनी तो परत ठेवला.

मग त्यांनी चारही फायली मोजल्या. कचेरी सुटेपर्यंत मोजत होते. तिसऱ्या फायलीत ताईचा स्वतःचा अहवाल निघाला. ती गेली त्याच्या आठ दिवस आधीचा, तोही उशिरा आलेला. म्हणजे ताईसुद्धा कुणी मोजली नव्हती. शेवटी बेरीज झाली, पंधराशे बेचाळीस. बाईंच्या वहीशी तंतोतंत जुळली, आणि बेरीज जुळली म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा ढसाढसा रडले.

साहेबांनी नवा खुलासा वाचला आणि कपाळाला हात लावला.

“अहो, साथ संपली! आता हे उकरून काय मिळणार? लोक फाडून खातील आपल्याला.”

“साहेब, माझी बहीण माझा आकडा ऐकून घराबाहेर पडली होती.”

साहेबांना हे माहीत नव्हते. त्यांनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. “मी सही करणार नाही,” ते शेवटी म्हणाले, पण आवाज उतरला होता. “तुम्ही वाचलंत तर अडवणारही नाही.”

शनिवारी सभागृह भरले होते. बेरीजरावांनी एकच पान वाचले. किती अहवाल मोजले गेले नाहीत, का नाहीत, आणि तो शिरस्ता कुणाचा होता, सगळे सांगितले. ‘माझा’ हा शब्द त्यांनी ठासून म्हटला. त्याबरोबर एकच गलका उठला. कुणी म्हणाले, बघा, सगळेच खोटे होते! मागून एक रिक्षावाला उभा राहिला.

“मग हा नवा आकडा तरी खरा कशावरून? उद्या आणखी एक फाईल काढाल!”

“म्हणून चारही फायली आणि सगळे तक्ते आणलेत,” बेरीजराव म्हणाले. “नावांवर पट्टी लावलीये, तारखा आणि भाग उघडे आहेत. बाईंची वहीही इथं आहे. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणारच नाही. या आणि मोजा.”

रिक्षावाला खरेच आला. बाह्या सरसावून त्याने एक आठवडा मोजला, वहीशी ताडून पाहिला, पुन्हा मोजला. मग “जुळतंय” म्हणून तो व्यासपीठावरून खाली उतरला आणि त्याच्या मागे गलकाही बसला. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत टेबलापाशी आली. तिने मोजायला काही मागितले नाही. “माझ्या लेकीचं बघा ना,” ती म्हणाली. “ती कुठल्या दिवसात आहे?” तिच्या मागे आणखी कुणी उभे राहिले, त्याच्या मागे आणखी कुणी. बघता बघता रांग दारापर्यंत गेली. कुणाला बायको हवी होती, कुणाला बाप. बेरीजराव पट्टी उचलून नाव शोधत होते, एकेक बंद दिवस उघडत होते, जुना आकडा खोडून शेजारी नवा लिहीत होते आणि खाली सही करत होते.

रांगेत शेवटी भाऊजी होते.

“त्या सोमवारी किती होते?” त्यांनी विचारले.

“एकोणतीस, भाऊजी.”

भाऊजी टेबलाची कड धरून उभे राहिले. “म्हणजे नशीब फुटकं नव्हतं तर,” ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, “ती असती तर तुला आत्ताच्या आत्ता माफ करून मोकळी झाली असती. मला थोडा वेळ लागेल.”

बेरीजरावांनी मान खाली घातली.

“पण तिला घाल आत. माझ्यासमोर घाल.”

ताईच्या तारखेचा तक्ता उघडला गेला. वस्तीच्या रकान्यात अकरा होते. उशिरा आलेले सतरा. बेरीजरावांनी अकरावर आडवी रेघ मारली आणि शेजारी अठ्ठावीस लिहिले. भाऊजींनी त्या अठ्ठाविसावर बोट ठेवले आणि ते तसेच ठेवून उभे राहिले. बाईंनी दिवे मालवायला आलेल्या शिपायाला खुणेने थांबवले.

मंडळी, आकडा मागणे हा आपला हक्क आहे, आणि तो मागताना ‘यात कोण राहिले?’ हेही विचारणे आपले काम आहे. सगळेच खोटे म्हणून हात झटकणे सोपे, सगळेच खरे म्हणून डोळे मिटणे त्याहून सोपे. आणि तुमच्या-माझ्यापैकी जो कुणी आकडा देणाऱ्या खुर्चीत बसेल, त्याने अर्धा असेल तर अर्धा म्हणूनच द्यावा, चुकला असेल तर दुसऱ्याच दिवशी चुकला म्हणावे. कारण कुठल्यातरी घरात कुणीतरी एका पायात चप्पल घालून उंबऱ्याशी थांबलेले असते. तुमचा आकडा ऐकून ते दुसरी चप्पल घालते, नाहीतर पहिली काढून आत जाते.